अक्कांचे पितळी आकडे

माळ हातात आली की अक्का मणी बघायच्या नाहीत. आधी तिच्या टोकाचा आकडा दाताखाली धरायच्या. "मणी काय, सगळ्याच बायका बघतात. माळ गळते ती आकड्यापाशी."

कानडी मुलखातल्या चिकपेटेत आमच्या शेजारच्या खोलीत त्या राहायच्या. विधवा, एकट्या, तोंडाच्या फटकळ. होसकोट्याला भाऊ होता, पण त्याच्या दारात तुकड्यासाठी जायचं नाही, म्हणून माळा ओवून पोट भरायच्या. मी लग्न होऊन आले आणि दुपारची त्यांच्या हाताखाली बसू लागले.

बाजारातून आणलेले आकडे आणि कड्या त्या आठ दिवस चिंच-मिठाच्या पाण्यात टाकायच्या. "बायकांचा घाम याहून वाईट," म्हणायच्या. मुलामा दिलेलं लोखंड तेवढ्यात तांबडं व्हायचं, पितळ उजळून निघायचं. गंजलेले आकडे त्या दुकानदाराच्या पुढ्यात ओतायच्या. "घे, तुझ्या बायकोला घाल."

"अक्का, स्वल्प हळू बोला, गिऱ्हाईक पळतंय," तो म्हणायचा.

मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांना मात्र त्या बोट लावत नसत. आकडा त्या निवडणार, ओवणार मी. "तू सवाष्ण. मला चालेल गं, गल्लीला चालायचं नाही."

एकदा भाऊ आजारी म्हणून त्या चार दिवस होसकोट्याला गेल्या. तेवढ्यात समोरची सुभद्रा मंगळसूत्र ओवून घ्यायला आली. माहेरी लग्न होतं, आजच हवं म्हणाली. भिजवलेला आकडा एकही शिल्लक नव्हता. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक चकचकीत आकडा आणला आणि बसवून दिला. अक्का परत आल्यावर मी त्यांना हे सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी सुभद्रा नळावर घागर उचलत असताना तो आकडा मोडला. मणी मोरीत गेले. त्याच आठवड्यात सुभद्राचा नवरा तापानं गेला. आकडा मोडून माणूस मरत नाही, पण हे कोण कुणाला सांगणार? तेरावं झाल्यावर तिची सासू नळावर सगळ्यांदेखत ओरडली, "पांढऱ्या कपाळाचा हात लागला त्या मण्यांना!" आणि मोडका आकडा अक्कांच्या अंगावर फेकला.

अक्कांनी तो उचलून पाहिला. आतून तांबडा होता. मग माझ्याकडे पाहिलं. माझी सासू बाजूलाच उभी होती. मी घागर भरत राहिले.

खोलीत आल्यावर त्यांनी विचारलं, "चिंचेत घातला नव्हतास ना?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"सरी, असू दे," म्हणाल्या, आणि चूल पेटवायला गेल्या.

त्यानंतर कुणी साधी पोवळ्यांची माळसुद्धा त्यांच्याकडे आणेना. पावसाळा सरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग ट्रंक बांधली. होसकोट्याच्या बसपाशी मी म्हटलं, "अक्का, मी सगळ्यांना खरं सांगते."

"आता कशाला? मला नावं ठेवायची त्यांना जुनी सवय आहे. तुला इथं नांदायचंय."

त्या असंच म्हणणार, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी तसं म्हटलं.