तहकूब बैठकीचा अर्धा तास

मार्चच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बैठक झाली. सूचना एकेचाळीस सदस्यांना टपालाने गेली होती. हजर राहिले दोन. मी तिसरा होतो, पण निमंत्रित पत्रकार म्हणून. मला मत नव्हते. बैठक बोलावणारे सर नांदेडला आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. रिकाम्या खुर्च्यांचा त्यांच्याइतका मान राखणारा माणूस मराठवाड्यात दुसरा नसावा.

सर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. ते निवृत्त झाले त्याच वर्षी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या काही शाळा, दोन-तीन महाविद्यालये आणि कारखानदार यांनी मिळून एक मंच काढला. कल्पना सरळ होती. एकट्या शाळेला चांगली प्रयोगशाळा परवडत नाही. म्हणून सगळ्यांची मिळून एक करायची, खेड्यांतल्या मुलामुलींनी सुटीच्या दिवशी तिथे येऊन हाताने काम शिकायचे, आणि कारखानदारांनी त्यांना आपल्याच भागात नोकरी द्यायची. उद्घाटनाची बातमी मीच केली. पाहुणे दीड तास उशिरा आले, करारावर सह्या झाल्या, शाली कमी पडल्यामुळे शेवटच्या तिघांना नुसता नारळ मिळाला. मंचाच्या नावात नांदेड आधी की लातूर आधी, यावर पहिल्या तीन बैठका गेल्या. शेवटी एक वर्ष ‘नांदेड-लातूर’ आणि पुढचे वर्ष ‘लातूर-नांदेड’ असे ठरले, अध्यक्षपदही तसेच आळीपाळीने. समन्वयक म्हणून सरांचे नाव एकमताने मंजूर झाले, कारण त्या वेळी ते चहा सांगायला बाहेर गेले होते. माझी पहिली बातमी पहिल्या पानावर आली, दुसरी पाचव्या, त्यानंतरच्या ‘थोडक्यात’मध्ये. मग एक दिवस संपादकांनी विचारले, “हे अजून चालू आहे?”

चालू होते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, अकरा वाजता. गणपूर्तीला सात सदस्य लागत. तितके नसतील तर बैठक अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी भरवायची. तहकूब बैठकीला गणपूर्ती लागत नाही. हा नियम बहुतेक संस्थांमध्ये असतो, आणि बहुतेक ठिकाणी मंडळी अर्धा तास गेला असे लिहून लगेच पुढचा विषय घेतात. सर तो अर्धा तास खरोखर घालवतात. अकराला खुर्च्यांकडे पाहून खणखणीत आवाजात ते जाहीर करतात, “गणपूर्तीअभावी बैठक अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे.” मग हजेरीची वही कपाटात ठेवतात, कपाटाला कुलूप लावतात आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहतात, कारण तहकुबीच्या काळात सदस्याने आत बसणे योग्य नाही. साडेअकराला आत येऊन मागील बैठकीचे इतिवृत्त पहिल्या ओळीपासून वाचतात. एकदा मी सुचवले, “सर, ऐकायला कुणी नाही. मनातल्या मनात वाचा.” ते म्हणाले, “पत्रकार, ‘वाचून दाखवले’ असं लिहायचं असतं. मनात वाचलं तर ते खोटं होईल.” ठरावाचे सूचक म्हणून ते स्वतःचे नाव घालतात आणि अनुमोदकाची जागा कोरी सोडतात. एका महिन्यात मला राहवले नाही आणि मी अनुमोदन द्यायला हात वर केला. सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. “आपण निमंत्रित आहात,” ते म्हणाले. “निमंत्रितांनी चहा घ्यावा.”

हाच काटेकोरपणा ते घरी घेऊन येतात. त्यांच्या खिशात पेन नसले तरी जाडी मोजायचे व्हर्नियर कॅलिपर असते. भाजीवाल्याला ते भाव विचारायच्या आधी तराजूचे लघुत्तम माप विचारतात. मेसचा डबा आला की पोळी मध्ये किती जाड आणि कडेला किती, हे मोजून डबा आणणाऱ्या मावशींना सांगतात. मावशींचे उत्तर ठरलेले असते, “सर, लई मोजू नका, गार होऊन राहिली.” त्यांच्या खोलीत दोन्ही जिल्ह्यांचा मोठा नकाशा आहे. प्रयोगशाळेत शिकून जो कामाला लागला, त्याच्या नावाची टाचणी त्याच्या कामाच्या गावी. पहिल्या टाचण्या नांदेड, लोहा, उदगीर, निलंगा इथे लागल्या. पुढे मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला जाऊ लागली आणि नकाशा अपुरा पडला. दुसऱ्या कुणी मोठा नकाशा आणला असता. सरांनी त्याच नकाशाचे प्रमाण धरून अंतर मोजले आणि टाचण्या सरळ भिंतीत ठोकल्या. घर आमचे आहे, म्हणून भिंतही आमची. हैदराबाद खिडकीच्या चौकटीखाली आले, बंगळूर पलंगाच्या पायाशी, पुणे दिव्याच्या बटणांजवळ. नकाशावर आता थोड्या टाचण्या आहेत आणि गिलाव्यात पुष्कळ. बटणांजवळची एक सरांच्या मुलाची आहे. तो मंचात शिकलेला नाही, त्यामुळे तिची गणती अहवालात होत नाही. अंतर मात्र मोजलेले आहे. सरांच्या पत्नी तीन वर्षांपूर्वी नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्या. दर रविवारी मुलाचा फोन येतो. जिन्यात रेंज चांगली मिळते म्हणून सर जिन्यात येऊन बोलतात आणि ते खाली ऐकू येते. “नाही रे, कसा येऊ? कराराची मुदत आहे. मार्चअखेर.”

मुदत वाढवण्याचे कलम सरांनीच लिहिले होते, मंच भरभराटीत असताना. एका जिल्ह्याने दुसऱ्याला गुंडाळू नये म्हणून त्यात अशी अट होती की, मुदतवाढीच्या ठरावाला दोन्ही जिल्ह्यांचा किमान एकेक सदस्य प्रत्यक्ष हजर पाहिजे. तहकूब बैठकीतही या अटीतून सूट नाही. आता नांदेडचा एक सदस्य नक्की होता. लातूरचे बदलून गेले होते, निवृत्त झाले होते, किंवा “कळवतो” म्हणाले होते. उरले होते एकच, सहसमन्वयक. त्यांचा डाळ मिलचे सुटे भाग करण्याचा कारखाना आहे. नांदेडच्या प्रयोगशाळेतला लेथ, म्हणजे धातू कातायचे यंत्र, त्यांनीच दिलेला. तीन वर्षांपूर्वी भर बैठकीत त्यांनी तो सहा महिने लातूरला न्यायची गोष्ट काढली, तेव्हा सरांनी त्यांना विषय पत्रिकेवर येण्यासाठी लेखी अर्ज करायला सांगितले. “माझाच लेथ, अन् मीच अर्ज करू व्हय?” असे विचारून ते उठले ते पुन्हा आले नाहीत. मुदत वाढली नाही तर लेथ त्यांना परत जाणार होता, बाकीची उपकरणे एका महाविद्यालयाच्या अडगळीच्या खोलीत, आणि सर पुण्याला. मी सरांना म्हणालो की, घरी बोलवून एक सही घ्या, हजर होते असे लिहा, कोण बघतंय? त्यावर सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला पोस्टाने विशेष बैठकीची सूचना आली. स्थळ लातूर, सहसमन्वयकांचा कारखाना.

आम्ही पहाटेच्या एसटीने गेलो. सरांनी वही पूर्ण वेळ मांडीवर धरली होती. सहसमन्वयकांनी दारातच चहा सांगितला. सर आत गेले, अकरा वाजण्याची वाट पाहिली, शेडमधल्या लेथ आणि ड्रिलिंग मशीनकडे बघून गणपूर्तीअभावी बैठक तहकूब केली आणि बाहेर उन्हात येऊन उभे राहिले.

“आत बसा की मास्तर, ऊन लई हाय.”

“तहकुबी आहे.”

“शेड माझं हाय.”

“शेड तुमचं. बैठक मंचाची.”

सहसमन्वयकही मग बाहेर आले. पत्र्याची सावली हातभर होती, तिच्यात दोघे भिंतीला पाठ लावून शेजारी उभे राहिले. दहा मिनिटे गेली.

“जेवता कुठं?” सहसमन्वयकांनी विचारले.

“मेसचा डबा आहे.”

“अन् वहिनी?”

“पुण्याला. मुलाकडं. तीन वर्षं झाली.”

“मंग तुम्ही तिथं एकटे काय करून राहिले?”

“समन्वय,” सर म्हणाले.

“कुणाचा?”

सरांनी घड्याळ पाहिले. “अजून अकरा मिनिटं आहेत.”

“माझे दोघंबी हैदराबादला,” थोड्या वेळाने सहसमन्वयक म्हणाले. “शिकवण्या लावल्या, डॉक्टर केलं. आता या शेडात कानस धरायला मानूस न्हाई. तीन मशिनी हाईत, दोन झाकून ठिवल्या.” सरांनी थोडे सरकून सावलीत जागा केली.

साडेअकराला बैठक भरली. इतिवृत्त वाचून झाले. मग सरांनी मंचाची मुदत एक वर्ष वाढवण्याचा ठराव मांडला आणि मत विचारले. स्वतःचा हात वर केला.

“मी विरोधात,” सहसमन्वयक म्हणाले. “राग धरू नका. पोरं येत न्हाईत, आली तर टिकत न्हाईत. शिकवलेली समदी पुण्याला गेली. तुमचंबी तिकडंच हाय. जावा तुम्ही. इथं कोण हाय तुम्हाला?”

“विषयाला धरून बोला,” सर म्हणाले. त्यांनी वहीत लिहिले: बाजूने एक, विरोधात एक. मग पेन खाली ठेवून सांगितले, “बरोबरी झाली. अशा वेळी अध्यक्षांचं मत निर्णायक असतं.”

“अध्यक्ष कोन?”

“यंदा पाळी लातूरची. म्हणजे तुम्ही.”

सहसमन्वयक बघतच राहिले. मलाही हे आठवत नव्हते. सर बोलले नसते तर विषय तिथेच लोंबकळत राहिला असता. “मास्तर,” ते म्हणाले, “तुम्ही सांगितलं नसतं तर मला कुठं म्हाईत होतं?”

“नियमात आहे.”

सहसमन्वयक उठून शेडच्या टोकापर्यंत गेले, एका झाकलेल्या मशिनीवरचे प्लास्टिक उगाच नीट केले आणि परत आले. “लिहा,” ते म्हणाले. “सदस्य म्हणून मी विरोधात, ते तसंच ऱ्हाऊ द्या, कारन ते खरं हाय. अध्यक्ष म्हणून बाजूनं.”

सरांनी लिहिले. अक्षर नेहमीपेक्षा मोठे आले.

“अन् अजून एक. समन्वयकानं दर महिन्याला एक आठवडा पुण्याला ऱ्हायचं.”

“हा विषय पत्रिकेवर नाही.”

“शेवटचा विषय काय छापलाय तुम्ही? वाचा.”

सरांनी वाचले, “अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.”

“मंग? अध्यक्ष मी हाय. दिली परवानगी.”

“आणि त्या आठवड्यात प्रयोगशाळा कोण उघडणार?”

“मी येतो की.”

सरांनी वही पुढे ओढली. मग त्यांनी ठराव क्रमांक घातला. सूचक, सहसमन्वयक. अनुमोदक म्हणून त्यांना स्वतःचेच नाव लिहावे लागले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सर पुण्याला गेले. सहसमन्वयक नांदेडला आले आणि आठवडाभर सरांच्या खोलीत राहिले. दोन मुली लेथ शिकायला आल्या, एक लोह्याची, एक देगलूरची. डब्याची पोळी सहसमन्वयकांनी न मोजता खाल्ली. मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “भिंतीला लई भोकं हाईत हो तुमच्या,” आणि थोडे थांबून, “पर करमतंय.” सर रविवारी दुपारी परत आले. संध्याकाळी वरून दोघांच्या भांडणाचा आवाज आला. विषय लेथच्या पट्ट्याचा होता. सोमवारी सकाळी सर सहसमन्वयकांना सोडायला गेले. लातूरची गाडी सातला सुटली. बसस्थानक आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. सर साडेनऊला परत आले. म्हणाले, “पट्ट्याचा विषय संपेपर्यंत दोन गाड्या सोडल्या.”