अंधेरीच्या मैदानावरचा सायरन

पाहुण्या संघाचा गोलकीपर आडवा पडला तेव्हा मी घड्याळ बघत होते. मॅच संपायला सहा मिनिटं होती, आपण एका गोलने मागे होतो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "झालं याचं नाटक सुरू."

शेजारी ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर सावंत उभे होते. राहायला भांडुपला, मूळचे मालवणकडचे. ते वळून ॲम्ब्युलन्सकडे गेले.

अंधेरीला भारताची एका परदेशी संघाशी मॅच होती आणि मी मॅच डॉक्टर होते. मॅच डॉक्टर कुठल्याच संघाचा नसतो. रेफरीने हात केल्याशिवाय त्याने मैदानात पाय टाकायचा नाही. मात्र कोणी पडलं की लगेच बॅग उचलून रेषेवर उभं राहायचं, म्हणजे हात होताक्षणी धावता येतं. मी खुर्चीत बसून राहिले. पुढे असलेला संघ शेवटी शेवटी वेळ काढतो, लोळतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली पोरंसुद्धा हेच करतात.

रेफरीने एक हात केला, मग दोन्ही हात हलवले. तेव्हा कुठे मी पायाखालची बॅग ओढली.

धावताना पाहिलं तर आपलाच फॉरवर्ड मला "मॅडम, जल्दी" म्हणून बोलवत होता. बॉलवर झेपावताना त्याचा गुडघा कीपरच्या मानेवर बसला होता. आपल्या त्या पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गोलमागच्या स्टँडमध्ये मालाडचं ढोलपथक होतं. त्यांनी ठेका धरला आणि अख्खा स्टँड त्यावर ओरडायला लागला, "ड्रामा! ड्रामा!" शिट्ट्या वेगळ्याच. हा शब्द कुठल्याही देशाच्या माणसाला कळतो. कीपरला कळला. आणि तो उठायला लागला.

मी गुडघ्यांवर बसून त्याचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. मानेचा मणका मोडला असेल तर पडून राहिलेला माणूस वाचतो. उठायला गेला की हाड सरकून आतला मज्जारज्जू दाबला जातो आणि हातपाय कायमचे जाऊ शकतात. तीसेक वर्षांचा तो धिप्पाड माणूस, लोकांनी नाटकी म्हणू नये म्हणून मान वळवायला बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला भीती वाटली, आणि लाजही.

"डोन्ट मूव्ह!" मी त्याच्या कानाशी ओरडले. मलाच माझा आवाज ऐकू आला नाही. त्याचे ओठ हलत होते, तेही ऐकू येईना.

रेफरी वाकला. "डॉक्टर, चालत बाहेर नेता येईल का?"

"अजिबात नाही."

"क्राउड बघताय ना?"

"बघतेय. हा उठला तर संपला."

कीपरने पुन्हा जोर लावला. त्याच्या ताकदीपुढे माझा किती वेळ निभाव लागणार होता?

तेवढ्यात सायरन वाजला. ॲम्ब्युलन्स जागची हललेली नव्हती. फक्त सायरन, सलग.

ढोल थांबले. एकदम, जणू कोणी बटण बंद केलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत सायरन आला की पथक हात थांबवतं आणि वाट करून देतं. तिथे कोणाला सांगावं लागत नाही, सवय अंगात मुरलेली असते. वर बघितलं तर सगळी टिपरी हवेत तशीच राहिली होती. ढोल नाही म्हटल्यावर ओरडाही विरला.

सायरन बंद झाला आणि मला कीपरचं बोलणं ऐकू आलं. "माय हँड्स. नो हँड्स."

त्याला स्वतःचे हातच जाणवत नव्हते.

"डोन्ट मूव्ह," मी या वेळी हळू म्हटलं. त्याने डोळे मिटले आणि तो पडून राहिला. मानेला कॉलर घातली, स्ट्रेचरवाल्यांच्या मदतीने बोर्डवर घेतलं. बाहेर नेताना स्टँड उभा राहिला. टाळ्या पडल्या, ढोल मात्र कोणी वाजवला नाही.

मानेच्या मणक्याला तडा गेला होता, पण हाड जागेवर होतं. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलमध्ये त्याची बोटं हलली. त्याने पहिला प्रश्न विचारला, "स्कोअर?" आपण शेवटच्या मिनिटाला बरोबरी केली होती. सांगितल्यावर त्याने त्यांच्या बदली कीपरला उद्देशून त्यांच्या भाषेत शिवीसारखं काहीतरी म्हटलं. मी ते नोंदवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅच कमिशनरने बोलावलं. मॅचवर देखरेख करणारा हा वरचा अधिकारी.

"सायरन कोणाच्या सांगण्यावरून वाजला? पळापळ झाली असती तर?"

"माझ्या," मी म्हटलं. हे खोटं होतं. सावंतांना कोणीच सांगितलं नव्हतं.

का वाजवला असं त्यांना नंतर विचारलं तर म्हणाले, "मॅडम, मानसा वायट नसतत. तेंका सांगान कळना नाय, सायरन कळता."

कमिशनरने माझा फॉर्म पुढे सरकवला. 'डॉक्टर पोहोचण्यास झालेल्या विलंबाचे कारण' या रकान्यात मी लिहिलं होतं : खेळाडू नाटक करतोय असं डॉक्टरला वाटलं.

"मॅडम, असं लिहीत नाहीत."

"मग कसं लिहितात?"

त्याने पेन काढून सही केली.

हल्ली कुठल्याही संघाचा कोणीही पडला की मी बॅग घेऊन रेषेवर उभी राहते. बहुतेक वेळा नाटकच असतं. मग परत येऊन बसते.