माझ्या शब्दावर राहिलेली सफर

त्या दिवशी लिफ्ट बंद होती. माझा भाऊ तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्याच घरासमोर, लिफ्टचं दार उघडून खालचा रूळ साफ करत बसला होता आणि मी तळमजल्यावर हातात पिशवी घेऊन उभी होते. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली करते तिला तो विहीर म्हणायचा. विहिरीत वर कुजबुजलं तरी खाली स्वच्छ ऐकू येतं, हे त्यानंच मला सांगितलेलं. पण भांडताना माणसाला स्वतःची विद्या आठवत नाही.

"बोटीवरच्या खोलीत तिसरी खाट छतातून खाली येते म्हणे," भावजय म्हणत होती. "तिच्यावर कोण चढणार? वन्सं?"

"मी चढेन. माझा जन्म वर चढण्यातच गेलाय."

"खोली दोघांची आहे."

"अक्काला एकटं टाकून जायचं? आई गेल्यावर तिनं मला लहानाचं मोठं केलंय."

"आठ दिवसांनी परत यायचंय, वनवासाला नाही निघालो. त्या काही साखरेच्या नाहीत विरघळायला." मग जरा थांबून ती म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा बागेत गेलो होतो आपण. बाकावर मधे कोण बसलं होतं?"

वर रुळावर फडकं घासल्याचा आवाज आला.

"इतकी वर्षं विचारलं नाही, आज विचारते. मधे कोण बसलं होतं?"

"अक्का."

"मग एकदा मला तुमच्या शेजारी बसू द्या. समोर पाणी असू दे आणि मधे कोणी नको."

मी आल्या पावली तळमजल्यावरच्याच माझ्या खोलीत परतले. बाकावर मधे मीच बसले होते, हे खरं आहे. बाक लहान होता, असं मी मनाशी म्हणत आले. तेवढा लहान नव्हता तो.

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. अडतीस वर्षं एकाच कंपनीत काढली. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत नाहीतर तळाच्या खड्ड्यात, अंगाला सदा ग्रीसचा वास. भावजय हॉस्पिटलच्या तळघरात, लाँड्रीत. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. दोघांच्याही नोकरीला खिडकी नव्हती. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी समुद्रावरची आठ दिवसांची सफर ठरवली ती खिडकीच्या खोलीची. मोठं जहाज, त्यात जेवणखाण, नाचगाणं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या पाणी दिसणार. भावजयीनं न घसरणारे पांढरे बूट घेतले आणि ते घालून ती घरातल्या घरात फिरायची. मी तिला विचारलं, फरशीवर लाटा आल्या का गं? ती हसली होती. भांडणाच्या आधीची गोष्ट ही.

भावाचा धंद्यातला एक नियम होता. शंका आली की मेन स्विच बंद करायचा, दाराला पाटी लावायची, मग लोक कितीही शिव्या देवोत. आणि शंका ओळखायला त्याच्याकडे दोन कान होते, एक त्याचा आणि एक माझा. झालं होतं असं की, मी या इमारतीत राहायला आले त्या वर्षी सहज त्याला म्हटलं होतं, तुझी लिफ्ट खाली येताना दमेकऱ्यासारखी श्वास घेते रे. त्यानं वर जाऊन उघडून बघितलं तर बेअरिंग झिजलेलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर काही खरं नव्हतं. तेव्हापासून त्यानं मला डोक्यावर बसवलं. मी चौथी शिकलेली बाई. मला बेअरिंग म्हणजे काय हे आजही माहीत नाही. पण घर घ्यायचं, डॉक्टर बदलायचा, काही असलं की तो खाली यायचा. "अक्का, तुला काय वाटतं?" आणि मी काय वाटतं ते सांगायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्या वर्षी एका तापाची साथ बंदराबंदरांतून पसरायला लागली. रोज नवी बातमी. आज या देशानं बोटी थांबवल्या, उद्या त्यानं. इसार आधीच दिलेला होता. बाकीचे पैसे कधी भरायचे, भरायचे की नाही, याचा घोळ सुरू झाला. सफरीच्या ऑफिसातला माणूस फोनवर सांगायचा, "काका, वीस तारखेला पाचपर्यंत रद्द केलंत तर बरंच काही परत मिळेल. नंतर तुम्ही रद्द केलंत तर काही नाही. कंपनीनं रद्द केली तर मात्र सगळं परत."

"कंपनी करेल का रद्द?"

"ते मला माहीत असतं तर मी इथे बसलो असतो का, काका."

भाऊ रोज रात्री ठरवायचा आणि रोज सकाळी मोडायचा. भावजयीचं एकच म्हणणं होतं. पैसे भरा, बोट निघाली तर जाऊ, नाही निघाली तर कंपनी बघून घेईल. डोकं तिचंच जाग्यावर होतं. आणि तो एवढं तरी शिकला होता की या वेळी माझ्याकडे येत नव्हता. भांडण त्याला लागलं असावं.

वीस तारखेला दुपारी मात्र तो आला. हातात घडी घालून घालून मऊ झालेला कागद.

"अक्का, तुला विचारणार नव्हतो."

"मग नको विचारू."

"तिला सांगू नकोस. फक्त एवढं सांग, तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते आज लिहिते. मला वाटत होतं, काही होणार नाही. जातील, फिरतील, येतील. माझ्या मनात भीतीचा टिपूसही नव्हता. होतं ते दुसरंच. त्या साखरेच्या नाहीत, हे वाक्य होतं. मधे कोणी नको, हे होतं. दोन आठवडे मी ते चघळत बसले होते.

मी म्हटलं, "मला काही ठीक वाटत नाही रे. छातीत कसंतरीच होतंय."

त्याचा चेहरा असा झाला की जणू वर दोराची तार तुटल्याचा आवाज आला. त्यानं पुढे एक अक्षर विचारलं नाही. कागद खिशात घातला, घड्याळ बघितलं आणि वर भावजयीला न सांगता थेट ऑफिसात गेला. पाचच्या आत रद्द करून आला. मी त्याला हाक मारू शकले असते. माझ्या दारापासून रस्त्यापर्यंत अठ्ठावीस पावलं आहेत, आणि तो गुडघ्यामुळे हळूच चालायचा.

ते जहाज ठरल्या दिवशी निघालं आणि आठव्या दिवशी परत आलं. ऑफिसातल्या माणसानं स्वतः फोन करून सांगितलं, काका, सगळे मजेत आले, तुमची खिडकी रिकामी गेली. भाऊ त्या दिवशी जेवला नाही.

त्यानंतरची फेरी मात्र अडकली. जहाजावर ताप निघाला, कोणतंच बंदर घेईना, माणसं महिनाभर खोल्यांत कोंडलेली. टीव्हीवर ते जहाज दिसलं मात्र, भाऊ धावत खाली आला आणि माझे दोन्ही हात धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "अक्का, तू होतीस म्हणून वाचलो."

मी म्हणायला हवं होतं, अरे, ती तुमची फेरी नव्हे. मी म्हटलं, "बस, पाणी पी."

मग ती गोष्ट त्यानं गावभर केली. दूधवाला, वॉचमन, त्याचे जुने सोबती, कोणी सुटलं नाही. सांगता सांगता दोन फेऱ्यांची एक फेरी झाली. भावजयीनं एकदा चारचौघांत म्हटलं, "अहो, आपलं जहाज परत आलं होतं. अडकलं ते पुढचं."

"एकच गं ते. जहाज तर तेच ना?"

लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. एक बाई तर मुलीच्या स्थळाचं विचारायला आली. मी डोकं दुखतंय म्हणून तिला घालवलं. स्तुती ऐकताना अंगावर कोणी ओला टॉवेल टाकावा, तसं व्हायचं.

सगळं बंद झालं तेव्हा भावजय रोज मला डबा घेऊन खाली यायची. एकदा माझ्या चादरीची घडी घालत होती. तिची घडी बघण्यासारखी असते, चार कोपरे एकमेकांवर असे बसतात की हात फिरवावा लागत नाही. घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं?"

ती गोष्ट गावभर झाली होती, पण असं मला अजून कोणी विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

"मग ठीक आहे." तिनं घडी कपाटात ठेवली आणि डबा उचलून गेली.

बोटी पुन्हा सुरू व्हायला दोन वर्षं गेली. भाऊ नवा कागद घेऊन आला. या वेळी मी त्याला बोलूच दिलं नाही. "जा," म्हटलं, "डोळे मिटून जा. आजच पैसे भर." तो माझ्याकडे बघत राहिला, कान तिरका करून, मशीनकडे बघायचा तसा. "तुझ्या आवाजात पहिल्यासारखा जोर नाही अक्का. माझं मन राखायला म्हणतेयस." मी शपथा घातल्या. जितक्या घातल्या तितकी त्याची शंका वाढली. त्या पावसाळ्यात भावजयीला चक्कर यायला लागली, कानातला तोल गेला. डॉक्टर म्हणाले, बोटीचं नाव काढू नका. तिनं नाव काढलं नाही. बूट ती रोज चालायला जाताना घालते.

भाऊ मागच्या वर्षी गेला. झोपेतच, बुधवारी पहाटे. भावजयीला मी अजून काही सांगितलेलं नाही. हा कागद आधी तिच्या हातात पडेल, मग इतरांच्या, असं ठरवून लिहायला बसले आहे.

त्याच्या आधीच्या रविवारी तो नेहमीसारखा माझं डोळ्यांचं औषध घेऊन आला होता. दर महिन्याला तोच आणायचा आणि पहिला थेंब तोच घालायचा, मला जमत नाही म्हणून. त्या दिवशी मी ठरवून बसले होते. खुर्चीत मान मागे टाकली आणि म्हटलं, "तुला एक सांगायचंय. फार जुनं आहे."

"डोळा मिटू नकोस. वर बघ."

थेंब पडला. मग दुसऱ्या डोळ्यात.

"त्या जहाजाचं," मी म्हटलं.

"ते काय सांगायचं राहिलंय आता? पोरासोरांनाही पाठ झालंय." तो हसत होता, दिसत नव्हता पण कळत होतं. "दहा मिनिटं डोळे मिटून पड. बोललीस तर औषध वाहून जाईल."

मी गप्प पडले. त्यानं बाटलीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला, त्यावर उघडल्याची तारीख लिहिली, महिन्यानं टाकून दे म्हणाला. दार ओढून घेतलं, नीट लागलंय ना ते बाहेरून दोनदा ढकलून बघितलं आणि वर गेला.