शर्कमधलं फ्रेंच रान

इथे आखातात, आमच्या महबूलात, झाड म्हणजे फुटपाथवर पाण्याच्या नळीने जगवलेलं. त्यामुळे शहरातल्या शर्क भागात एका गॅलरीत दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच जंगलाचं चित्र आलंय कळल्यावर मी दादाला घेऊन जायचं ठरवलं. दादा, माझा थोरला भाऊ, खैतानला राहणारा वेल्डर. काँट्रॅक्ट संपलं, आता कायमचा कोकणात चाललेला. घरामागचं रान त्याच्या वाटणीचं, आणि लाकडाचा व्यापारी त्याच्या होकाराला टपून बसलेला. चित्र बघून तरी दादाचं मन फिरेल, अशी माझी भाबडी आशा.

दोघांना सुट्टी एकच, शुक्रवारची. बायको, लेक आणि मी टॅक्सीने निघालो, वाट वाकडी करून दादाला घेतलं. आधी मासळी बाजाराजवळ जेवलो. सुरमई झकास, भाव घाम फोडणारे. गॅलरीत प्रवेश मात्र फुकट आहे.

दारात गार्डने दादाच्या कंपनीच्या शर्टाकडे पाहिलं. "आज फॅमिली डे है. बॅचलर लोग कल आना."

"भाई है मेरा," मी म्हणालो.

"आप लोग जाओ. ये नहीं."

दोन मुलांचा बाप, पण बायको गावी म्हणून इथे बॅचलर! माझं डोकं फिरलं. दादाच म्हणाला, "तुमी जावा. मी हय बसतंय."

आणि आम्ही गेलो.

चित्र तसं लहानच. जुने ओक, खाली डबकं, पाण्यावर आलेली गाय. ओल्या पाल्याचा वास आला, शप्पथ. चित्रकार त्या जंगलाच्या कडेलाच राहायचा. झाडं तुटायला लागली तेव्हा थेट सम्राटाकडे अर्ज केला त्याने, आणि काही वाचलीसुद्धा. हे दादाला कसं सांगायचं, याची मी जुळवाजुळव करत होतो.

"बाबा, इट्स जस्ट ट्रीज," लेक कंटाळून म्हणाली.

बाहेर दादा भिंतीच्या सावलीत उकिडवा बसला होता, हातात फोन.

"व्यापाऱ्याचो फोन इल्लो. होय म्हणान सांगलंय."

"दादा, वायच थांबाचा हुता!"

"तुका हय नोकरी आसा. मी थय काय खाव? चित्रातल्या झाडांर चूल पेटाची नाय."

परतताना दादाला खैतानला सोडलं.

दादाने परवा गावाहून फोटो पाठवला. आमच्या परसातून आता थेट डांबरी रस्ता दिसतो. इथे हॉलमध्ये बायकोने गॅलरीतून आणलेलं त्या चित्राचं पोस्टर आहे. पाहुणे कौतुक करतात, मला बघवत नाही. प्रदर्शन अजून चालू आहे, चित्र खरंच सुंदर आहे, जरूर जा. फक्त सोबत भाऊ असेल तर शुक्रवारी जाऊ नका.