डाव्या हाताची भाकरी

"सर, कमलताई गेल्या. माग तसाच हाय..." नांदेडहून शोभाचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरात चहा गाळत होतो. शोभा कमलताईंच्या शेजारच्या मागावर बसते.

निजामाच्या काळापासून सतरंज्या विणणारी नांदेडची ही मागशाळा पुढं आम्हा चित्रकारांची चित्रं भिंतीवरच्या पटांत विणू लागली, आणि अवघड पट कमलताईंकडेच जायचा. मुदखेडहून रोज रेल्वेनं यायच्या. स्वभाव तिखट. मी चित्र उलगडलं की आधी म्हणायच्या, "रंग लई लावलेत. एवढं सूत कोण रंगवणार?" त्यांच्याशी भांडल्याशिवाय माझा एकही पट पुरा झाला नाही, आणि त्या भांडणासाठीच मी नांदेडची एसटी धरायचो.

आई गेल्यावर मी तिचं भाकरी थापतानाचं चित्र नेलं. तिथं पाठीकडून विणतात, दर्शनी बाजू खाली राहते. म्हणून उभ्या धाग्यांच्या ताण्याखाली चित्र उलटं, डावं-उजवं पालटून लावायचं, हा जुना शिरस्ता. पट मागावरून उतरला आणि मी बघतच राहिलो. आई डाव्या हातानं भाकरी थापत होती! कमलताईंनी चित्र सुलटं लावलं होतं.

"तुमच्या आईकडं महिनोन् महिने उलटं बघत बसायचं? जीव धजला न्हाई," त्या म्हणाल्या. "तोंड काय, दोन्हीकडून सारखंच. हाताचं ध्यानातच आलं न्हाई." पट उतरल्यावरही त्यांना काही खटकलं नव्हतं. त्या स्वतः डावखुऱ्या होत्या.

मी म्हणालो, राहू द्या. पण त्यांच्या मनाला ते लागलं. तोच पट त्या स्वतःहून पुन्हा विणायला बसल्या. शेवटचं भेटलो तेव्हा खोकत होत्या. मी रागावलो, घरी जा म्हणालो.

"चूक सुधारून राहिले ना," त्या म्हणाल्या. "तुमची माय उजव्या हाताची करून देते, मग पडते निवांत."

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेलो, तेव्हा मागशाळेत शोभानं मागावरचं फडकं काढलं. खालून विणत परात झाली होती, हात यायचा होता. "मी पुरा करू का, सर?" तिनं विचारलं. मी नको म्हणालो. ताईंची ती एकच इच्छा मी मोडली... पण तो हात मला आता सुधारून नको होता.

पहिला पट माझ्या स्वयंपाकघरासमोर लावलाय. परवा बहीण आली, बराच वेळ बघत उभी राहिली. "दादा, आई कुठं डावखुरी होती?"

"आई नव्हती," मी म्हणालो. "हात कमलताईंचा आहे."