बीरगांवच्या कोऱ्या प्लेटा

मी जुलाबाचे जंतू शोधते. लग्न होऊन नागपूरहून रायपूरला आले, इथल्या एका लॅबमध्ये लागले, आणि तेव्हापासून आमच्या घरी जेवताना माझ्या कामाचा विषय काढायला बंदी आहे. नवऱ्याचा हा एकच नियम मी पाळते, तोही वरण वाढून होईपर्यंत.

त्या उन्हाळ्यात बीरगांवजवळच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, घरोघरी पोरं आजारी पडली. नळाच्या पाण्याला वास येतो, असं बायका सांगत होत्या. पाण्याच्या लाइनचं काम बघणारे साहेब म्हणाले, नुसत्या वासावर रस्ता खोदता येत नाही, रिपोर्ट आणा. म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. मी पाऱ्यात झाकणाच्या छोट्या डब्या वाटल्या, पोरांची शी त्यात कशी घ्यायची ते समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी डब्या गोळा करून त्यातलं थोडं थोडं लॅबमध्ये प्लेटांवर, म्हणजे जंतू वाढवायच्या चपट्या बशांवर, लावलं.

जंतू असले तर एका रात्रीत प्लेटवर त्यांचे ठिपके उगवतात. माझ्या प्लेटा कोऱ्या. एकीवरही काही नाही. धडधाकट माणसाच्या शीतसुद्धा जंतू असतात हो, त्यामुळे हे फारच विचित्र होतं. मला राग यायला फार वेळ लागत नाही. यांनी मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून पोरांना आधीच चारल्या, असं मी ठरवूनच टाकलं. गाडी काढली, पाऱ्यात गेले आणि पहिल्याच घरी दारात उभ्या उभ्या त्या बाईला फैलावर घेतलं.

ती मूळची गोंदियाकडची, नवरा जवळच्याच उरला औद्योगिक वसाहतीत कारखान्यात. चार वर्षांची पोट्टी चटईवर पडलेली, डोळे खोल गेलेले. कडेवर धाकटा, तो ठणठणीत. तिनं शपथ घेऊन सांगितलं की मीठ-साखरेच्या पुड्यांशिवाय पोरीला काही दिलेलं नाही. मग डबी कशी भरली ते दाखवा, म्हटलं. तिनं नवी डबी घेतली आणि फळीवरून फिनाइलची बाटली काढली.

"हे काहून?" मी विचारलं.

"वास येते ना दीदी. तुमी शिकलेल्या बाई, एवढ्या दुरून येता. तुमच्या हातात असंच घाण द्यावं का? समदा पारा असंच करून राहिला."

जंतू मारायचं औषध घालून जंतू शोधायला दिले होते, तेही माझा मान राखायला. आमच्या लॅबची फरशी रोज फिनाइलनंच पुसतात, त्यामुळे डब्या उघडताना माझ्या नाकालाही पत्ता लागला नव्हता. मी तिथेच ओट्यावर बसून पोट धरून हसले. ती लाजली. मग मी तिची माफी मागितली, अगदी मनापासून.

बिनफिनाइलची डबी तिनं चार पिशव्यांत गुंडाळून दिली. दुसऱ्या सकाळी हिरव्या प्लेटवर पिवळे ठिपके दाटीनं उगवले होते. तपासायला त्यातला एक कॉलरा ओळखणाऱ्या सीरमच्या थेंबात घोळला, तर लगेच दाणे धरले. कॉलरा. मी चक्क नाचले. लॅबच्या मुख्य सरांना दाखवलं, प्लेटचा फोटो लॅबच्या ग्रुपवर टाकला, साहेबांना रिपोर्ट पाठवला. तासाभरात त्यांचा फोन आला: संध्याकाळपासून नळ बंद, टँकर सुरू, उद्या खोदकाम. सरांनी समोसे मागवले. मी तीन खाल्ले.

चार वाजता वाटलं, त्या बाईलाही कळवावं. फोन केला. पोट्टी उठून बसली होती, तिनं भात मागितला होता. मला इतकं बरं वाटलं की मी भडाभडा सगळं सांगत सुटले: जंतू सापडला, तो नळातूनच येत असणार, आता ते पाणी उकळल्याशिवाय थेंबभरही कुणाला देऊ नका. बोलता बोलता लक्षात आलं की हे आदल्या दिवशीच सांगायला हवं होतं, आणि हसण्याच्या भरात ते राहून गेलं होतं.

तिनं मला थांबवून विचारलं.

"दीदी, तुमाले कवा समजलं हे?"

"सकाळी," मी म्हणाले. "दहाला."

"लहान्याले मी बारा वाजता नळाचंच पाणी पाजलं."