ओडेल ट्रॉटरचे चार सेकंद

जानेवारीतल्या त्या सोमवारी अर्लीननं नवऱ्याच्या निळ्या सुटाला दोनदा इस्त्री केली. पहिल्यांदा केलेलीही चांगलीच होती, पण तिच्या हाताला चैन नव्हतं. स्वयंपाकघरात वीस माणसांना पुरेल एवढा मासा तळून झाकून ठेवला होता. दुपारनंतर माणसं अभिनंदनाला येणार, हे ती धरूनच चालली होती.

तीच काय, सगळं गाव धरून चाललं होतं. ओडेल ट्रॉटर सत्तावीस वर्षं बेथेल क्रीक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा बचाव सांभाळत होता. जुने हेड कोच छातीच्या दुखण्यानं घरी बसले, तेव्हा त्यांच्या जागी कोण येणार हा प्रश्न अलाबामातल्या त्या एवढ्याशा गावात कोणाला पडलाच नाही. रविवारी चर्चमध्ये पास्टरनी नाव न घेता त्याच्यासाठी प्रार्थना केली होती. न्हाव्यानं केस कापून झाल्यावर विचारलं होतं, "आजपासूनच हेड कोच म्हणू, की सोमवारपर्यंत थांबू?"

सभागृहात ओडेल पहिल्या रांगेत बसला. कॉलेजचे अध्यक्ष माइकपाशी आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "वेंडेल गॅस्किन्स." बाजूच्या दारातून पस्तिशीचा एक उंच माणूस आत आला. ओडेल उठला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्याचे हात आणखी दोनदा वाजले.

घरी आल्यावर अर्लीन एवढंच म्हणाली, "माशाचं काय करू?"

"शेजारी वाटून टाक," ओडेल म्हणाला आणि सूट काढायला आत गेला.

तिसऱ्या दिवशी गॅस्किन्सनं त्याला बोलावलं. माणूस आडपडदा ठेवणारा नव्हता.

"तुम्हाला ही खुर्ची हवी होती, कोच ट्रॉटर. मी तुमच्या जागी असतो तर राहिलो नसतो. पण राहिलात तर मला तुम्ही हवे आहात. फक्त सामन्याच्या दिवशी खाली मैदानावर नाही. वर."

"वर म्हणजे?"

"प्रेक्षकांच्या माथ्यावरच्या खोलीत. दुर्बीण घ्यायची, कानाला हेडफोन लावायचा. समोरचे काय करणार आहेत ते दिसलं की मला सांगायचं."

"सत्तावीस वर्षं मी गवतावर उभा राहिलोय."

"म्हणूनच. तुम्हाला जे दिसतं ते इथं दुसऱ्या कोणाला दिसत नाही. आणि खालून निम्मंच दिसतं."

ओडेलला त्यात फक्त अपमान ऐकू आला. "माळ्यावर टाकलं मला," तो अर्लीनला म्हणाला. "जुनी बॅग टाकतात तसं."

"मग सोड नोकरी."

"आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी कुठं जाऊ?"

त्यानं नोकरी सोडली नाही.

ऑगस्टात सराव सुरू झाला. गॅस्किन्स पोरांना पहाटे पाचला लाल मातीच्या चढावर पळवायचा. ओडेलनं वर्षानुवर्षं घोटून बसवलेली बचावाची मांडणी त्यानं पहिल्या आठवड्यात मोडली आणि नवी शिकवायला घेतली. पोरं गोंधळली. त्यातल्या त्यात सावरून धरलं ते डीमार्कस ओगल्सबीनं. हा बचावाचा कप्तान, सगळ्यांच्या मागे उभा राहणारा शेवटचा पहारेकरी. कॉलेजचं त्याचं हे शेवटचं वर्ष. चार वर्षांपूर्वी त्याला या कॉलेजात आणायला ओडेल त्याच्या आईच्या व्हरांड्यात सलग चार संध्याकाळी जाऊन बसला होता. मिसेस ओगल्सबी पोराला पाठवायला तयार नव्हत्या. शेवटी "मी त्याच्यावर लक्ष ठेवीन," असा शब्द दिल्यावर त्यांनी मान हलवली होती.

सप्टेंबरात संघ पहिले तिन्ही सामने हरला. तिसऱ्या सामन्यानंतर गाड्या लावतात त्या आवारात डॉक्टर लाइल्स ओडेलला गाठून उभे राहिले. हे कॉलेजच्या क्रीडा विभागाचे प्रमुख. गोड बोलणारे, नेहमी दुसरीकडे बघत बोलणारे.

"पाच तरी सामने जिंकायला हवेत त्यानं," लाइल्स म्हणाले. "नाहीतर विश्वस्त त्याला ठेवणार नाहीत. मी स्वतः त्यांच्या तोंडून ऐकलंय."

"मग?"

"मग काही नाही. या वेळी दुसरं नाव शोधायला कोणी बाहेर जाणार नाही, एवढंच तुमच्या कानावर घालतो."

"मी काय करावं असं म्हणणं आहे तुमचं?"

"छे, छे. तुम्ही काही करू नका." लाइल्स हसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले.

ओडेल गाडीत बसला, पण बराच वेळ किल्ली फिरवली नाही. लाइल्सचा राग यायला हवा होता. आला नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

चौथा सामना घरच्या मैदानावर होता. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा बेथेल क्रीक तीन गुणांनी पुढे होता. बॅंड थांबला होता, माणसं उभी राहिली होती. ओडेल वरच्या खोलीत दुर्बीण लावून बसला होता. समोरच्या संघातला बत्तीस नंबरचा पळणारा गडी एरवी उजवा पाय मागे ठेवून उभा राहायचा. या वेळी त्याचे दोन्ही पाय एका रेषेत होते. ओडेलला लख्ख कळलं की चेंडू याच्याकडे येणार, हा उजवीकडे पळणार आणि त्याच्यापुढे वाट काढायला दोन दांडगे गडी सुटणार. त्या बाजूला डीमार्कस एकटा होता. नुसतं 'उजवीकडे' म्हटलं असतं तरी गॅस्किन्सनं दुसरा माणूस तिकडे सरकवला असता.

माइकचं बटण ओडेलच्या बोटाखाली होतं. बोट तिथंच राहिलं, दाबलं गेलं नाही.

चेंडू हलला. बत्तीस नंबर उजवीकडे पळाला. डीमार्कस एकटाच आडवा गेला, पहिल्या दांडग्याला चुकवलं, दुसऱ्यानं त्याला खांद्यानं धडक दिली. बत्तीस नंबर सहा गुण देणाऱ्या टोकाच्या रेषेपलीकडे पोचला, तेव्हा डीमार्कस जमिनीवर एका कुशीवर पडून होता. सामना तर गेलाच. पोराचं गळपट्टीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर मिसेस ओगल्सबी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओडेल शेजारी बसला.

"कोच, तुम्ही वरून बघत होतात ना?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, नुसती विचारपूस होती. "ते दोघं एकदम आले कुठून?"

"दिसले नाहीत, मॅडम," ओडेल म्हणाला.

रविवारी चर्चहून आल्यावर त्यानं कोट न काढताच अर्लीनला सगळं सांगितलं. ती कॉलर्डची पालेभाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"लाइल्सनी सांगितलं म्हणून गप्प बसलास?"

"त्या वेळी लाइल्स डोक्यातही नव्हते."

"मग?"

"मला माहीत नाही, अर्लीन. बोट बटणावर होतं. दाबायचं होतं. नाही दाबलं."

"मला सांगून काय उपयोग? माझं कोणतं हाड मोडलंय?" असं म्हणून ती भाजी धुवायला उठली. त्या दुपारी दोघं एका टेबलावर जेवली, पण मिठाचं भांडं मागण्यापलीकडे बोलणं झालं नाही.

सोमवारी सकाळी सातला गॅस्किन्स खोलीत एकटाच सामन्याची फिल्म बघत होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. ओडेल दार लोटून आत आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "शेवटचा तो डाव लावा." डाव लागला. "थांबवा. बत्तीस नंबरचे पाय बघा."

गॅस्किन्सनं बघितलं. "सरळ रेषेत आहेत. आधी तसा उभा राहत नव्हता." तो मागे वळला. "हे तुम्हाला आत्ता दिसलं?"

"नाही. तेव्हाच दिसलं होतं."

गॅस्किन्सनं फिल्म मागे नेली. बत्तीस नंबर जागेवर येऊन उभा राहिला तिथपासून चेंडू हलेपर्यंत त्यानं तोंडानं मोजलं. "चार सेकंद," तो म्हणाला. "चार सेकंद होते तुमच्याकडे."

"हो."

"लाइल्स भेटले होते तुम्हाला?"

ओडेलनं आवारातलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "पण ते त्यांच्यावर ढकलता येणार नाही," तो म्हणाला. "त्यांनी फक्त मला काय हवंय ते बोलून दाखवलं."

"मी तुम्हाला आत्ता या क्षणी काढू शकतो."

"काढायलाच हवं."

गॅस्किन्स उठून खिडकीशी गेला. पाठमोराच म्हणाला, "आधी त्या पोराला सांगा. मग पुढचं बघू."

डीमार्कस वसतिगृहातल्या खोलीत पलंगावर टेकून बसला होता. हात झोळीत बांधलेला. ओडेलनं खुर्ची ओढली आणि काही न वगळता सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं," पोरगा म्हणाला.

"दिसत होतं."

"मी एकदा वर बघितलं होतं. त्या खोलीकडे. कोणी काही सांगत नाहीये म्हणजे काही नसेल, असं वाटलं मला." त्यानं मान वळवली. "माझं हे शेवटचं वर्ष होतं, कोच."

"माहीत आहे, बाळा."

"बाळा म्हणू नका. दार ओढून घ्या जाताना."

ओडेल परत गॅस्किन्सच्या खोलीत गेला, तो राजीनामा लिहायच्या तयारीनं. गॅस्किन्सनं कागद पुढे केला नाही. "वर बसायला दुसरा माणूस आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "पण त्याला काही दिसत नाही. शनिवारी तुम्हीच बसणार. आता माझा विश्वास बसलाय असं समजू नका."

शनिवारी ओडेल वर पोचला तेव्हा माइकचं बटण दाबलेल्या स्थितीत चिकटपट्टीनं घट्ट बांधून टाकलेलं होतं. हेडफोन लावताच कानात गॅस्किन्सचा आवाज आला. "तुम्ही खोकलात तरी मला ऐकू यायला हवं."

ओडेल त्या दिवशी अखंड बोलला. जे दिसलं ते, जे दिसल्यासारखं वाटलं तेही. कधी गॅस्किन्स ऐकायचा, कधी ऐकायचा नाही. "तुम्ही चुकलात," असं एकदा सगळ्यांसमोर ओरडलाही. पण तो सामना जिंकला, पुढचाही जिंकला. मग एक हरला. मग नवी मांडणी पोरांच्या अंगवळणी पडली आणि आणखी दोन जिंकले. चार जय, पाच पराभव, आणि नोव्हेंबरातला शेवटचा सामना नदीपलीकडच्या कॉलेजशी. या दोन कॉलेजांत लग्नं जमली तरी या शनिवारी व्याही एकमेकांशी बोलत नाहीत.

त्या दिवशी लाइल्स अध्यक्षांच्या शेजारी बसले होते. सामना पुढेमागे होत राहिला. अकरा सेकंद उरले तेव्हा बेथेल क्रीक चार गुणांनी पुढे होता, आणि समोरच्यांकडे चेंडू होता, रेषेपासून सहा यार्डांवर. एवढ्या जवळून कोणीही शहाणा माणूस चेंडू छातीशी घेऊन मधून घुसेल. गॅस्किन्सनं मधली फळी जाड केली होती.

ओडेलनं दुर्बीण फिरवली. समोरच्या पुढच्या फळीतला जाडा गडी जमिनीवर बोटं टेकून वाकला होता. ज्याला पुढे मुसंडी मारायची असते त्याचा सगळा भार बोटांवर येतो आणि नखं पांढरी पडतात. याची बोटं गवतावर नुसती टेकली होती. हा मागे सरकणार होता, म्हणजे चेंडू फेकला जाणार होता.

"फेकणार आहेत," ओडेल म्हणाला. "डावा कोपरा."

"खात्री आहे?"

"नाही. पण बोटं तसं सांगतायत."

कानात नुसता गॅस्किन्सचा श्वास ऐकू येत होता. हा माणूस आता काय विचार करतोय ते ओडेलला पुरतं ठाऊक होतं. संघ हरला तर ज्याला खुर्ची मिळणार, तोच मधली फळी मोकळी करायला सांगतोय. ओडेलच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला, तरी त्यानं दुर्बीण खाली घेतली नाही. शपथ घालावी, विनवावं असं त्याला वाटलं. पण तेवढा वेळ नव्हता, आणि त्याच्या शपथेला किंमतही नव्हती.

खाली गॅस्किन्सनं हात डावीकडे झोकला. डीमार्कसच्या जागी खेळणारा पोरगा कोपऱ्याकडे धावला. चेंडू उंच आला. त्या पोराच्या बोटांना लागला, समोरच्याच्या छातीवर आदळला आणि गवतावर पडला. घड्याळात शून्य दिसत होतं.

बॅंड सुरू झाला तेव्हा ओडेल खुर्चीतच बसून होता. कानात आवाज आला, "सोमवारी सातला या. पुढच्या वर्षीचं बघायला हवं." मग तार काढल्याचा खट्ट आवाज झाला. जिन्यात लाइल्स भेटले. ओडेलकडे न बघता त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि उतरून गेले.

गॅस्किन्स त्या कॉलेजात पुढे नऊ वर्षं टिकला. ओडेल आणखी चार वर्षं वरच्या खोलीत बसला आणि तिथूनच निवृत्त झाला. हेड कोच त्याला कोणी केलं नाही, आणि नंतर त्यानं अर्जही केला नाही. दोघांची मैत्री झाली असं म्हणता यायचं नाही. एकमेकांच्या घरी ते कधी जेवले नाहीत.

त्याच हंगामानंतरच्या मे महिन्यात पदवीदान झालं. डीमार्कस काळा झगा घालून मित्रांबरोबर फोटो काढून घेत होता. ओडेलला बघून त्यानं मान हलवली आणि दुसरीकडे वळला. मिसेस ओगल्सबी मात्र गर्दीतून वाट काढत सरळ ओडेलपाशी आल्या.

"दवाखान्यात मला खोटं सांगितलंत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

आणखी काही येईल म्हणून त्या थांबल्या. ओडेलला जे सुचलं ते बोलण्याजोगं नव्हतं. त्यांनी पर्स काखेत घट्ट धरली आणि मुलाशेजारी फोटोला उभं राहायला गेल्या.

"काय म्हणाली रे?" अर्लीननं जवळ येऊन विचारलं.

"खरं होतं तेच म्हणाली," ओडेल म्हणाला. दोघं तिथंच, झाडाच्या सावलीत, फोटो संपेपर्यंत उभी राहिली.